दोन वर्षांचं पोर एका जागी बसत नाही? बसू नयेच!

परवा जिन्यात शेजारची ताई भेटली. "अहो, हा दोन मिनिटं स्वस्थ बसत नाही, काहीतरी उपाय सांगा." तोवर चिरंजीव माझी एक चप्पल घेऊन पसार झाले होते.

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट. म्हटलं, बसवतेस कशाला? पळू दे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी. तीन तास ऐकून घाबरू नका. चालणं, चढणं, वाकणं, सगळं त्यात धरतात.

माझा लाडका खेळ बटाट्यांचा. टोपलीतला एकेक बटाटा उचलून बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवायचा. उकिडवं बसणं, उठणं, तोल सांभाळत चालणं, पुन्हा वाकणं. मांड्या, पाठ, पोट, सगळ्यांना काम. फक्त बटाटे मोजून द्या! आमच्या लेकीने काही सोफ्याखाली पोचवले होते, शोध वासावरून लागला.

फरशीच्या रेघेवरून चालणंही मस्त. पण अनवाणी, मोज्यांनी पाय घसरतो.

ताट वाजायचं थांबलं की पुतळा व्हायचं, हा खेळ जरा मोठ्यांचा. दोन वर्षांच्या मुलाला धावता येतं, पटकन थांबता येत नाही.

दोन्ही पायांनी एकदम उडी बहुतेकांना दोन-अडीच वर्षांच्या आसपास जमते. मूल सारखं पडत असेल किंवा आधी येणारी हालचाल बंद झाली असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

बाकी काही विचारायचं असेल तर मुलाचं वय लिहून खाली विचारा.