मोबाइलवरचा आकडा आणि कामगाराचे बोट

आकडे दोन प्रकारचे असतात : काही मोजावयाचे, काही ओळखीचे. रजेचे दिवस ३ चे ४ झाले, तर एक दिवस वाढतो. भविष्यनिर्वाह निधीच्या १२ अंकी क्रमांकात एक मिळविला, तर काहीच वाढत नाही. तो क्रमांक आपला राहत नाही, एवढेच! ॲपमध्ये आकडा भरण्याची सोय करणाराने प्रथम हा भेद ओळखला पाहिजे.

मोजावयाचा आकडा लहान असेल, तर त्याच्या दोन बाजूंस अधिक-उण्याच्या खुणा पुरतात. एका दाबास एक दिवस. शिल्लक रजा संपली की अधिकची खूण बंद पडावी. पण याच खुणांनी १८,५०० रुपये भरावयास सांगणे म्हणजे चमच्याने विहीर उपसणे होय. तेथे अंकांचा कळफलकच हवा. सरकती पट्टी दिसावयास सुरेख. परंतु बोटाखाली नेमकी खूणच झाकली जाते. आवाज कमीजास्त करण्यास ती ठीक, कर्जाची रक्कम ठरविण्यास नव्हे.

ओळखीच्या आकड्याला अधिक-उणे नकोच. खातेक्रमांकाच्या आरंभीची शून्ये निरर्थक समजून गाळली, की खातेच चुकते. लांब क्रमांक चार-चार अंकांच्या गटांत दाखवावा. रक्कम १,००,००० अशी स्वल्पविराम देऊन, शिवाय अक्षरांतही दाखवावी. मराठी कळफलकावरून आलेले देवनागरी अंक नाकारू नयेत.

कोणी म्हणेल, हा शोभेचा प्रश्न आहे. आम्हांस तसे वाटत नाही. आज हजेरी, रजा, निधीची मागणी मोबाइलवरून होऊ लागली आहे. एक अंक चुकला की अर्ज परत येतो. तो सुधारण्यात दिवसाचा रोज बुडतो आणि दोष मात्र ‘अडाणी’ बोटाला! १९४८ च्या कारखाना कायद्याने यंत्रांच्या धोकादायक भागांना कुंपण घालावयास लावले. हात सांभाळण्याचा सारा भार कामगारावर टाकला नाही. तोच न्याय येथेही हवा.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने टेलिफोनच्या कळांची मांडणी माणसांकडून वापरवून पारखली आणि तिचा वृत्तान्त १९६० साली प्रसिद्ध केला. १९६३ पासून कळांचे टेलिफोन ग्राहकांस मिळू लागले. आधी माणसे, मग यंत्र, असा तो क्रम होता. हजेरीचे ॲप कारखान्यात आणण्यापूर्वी ते दहा कामगारांच्या हाती द्यावे आणि कोणाचे बोट कोठे अडते ते पाहावे, एवढीच आमची मागणी आहे.