नवा गिझर, धार मात्र तीच

दिवाळी तोंडावर आली की इलेक्ट्रिकच्या दुकानांतली गिझरची खोकी फुटपाथपर्यंत येतात. जुना गळायला लागलेला असतो, नाहीतर शॉवरला नुसती टपटप चाललेली असते. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला: “याला प्रेशर चांगलं येईल ना?” दुकानदार मान डोलावतो. त्याला माल खपवायचा आहे. पण प्रेशर नावाची वस्तू त्या खोक्यात नसतेच.

साठवणीच्या गिझरमध्ये गार पाणी तळाशी शिरतं आणि वरच्या थरातलं गरम पाणी बाहेर ढकलतं. ढकलणारा जोर असतो तो गच्चीवरच्या टाकीचा. टाकी नळापेक्षा १० मीटर उंच असेल तर साधारण १ बार दाब मिळतो. शेवटच्या मजल्यावरच्या घरात शॉवर आणि टाकी यांत जेमतेम तीन-चार मीटरचं अंतर, म्हणजे दाब पाव-अर्ध्या बारच्या मधेच कुठेतरी. खोक्यावर ‘८ बार’ असं ठसठशीत छापलेलं असतं. गिझरची टाकी किती दाब सोसेल, एवढंच तो आकडा सांगतो. वीस मजली टॉवरमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने तो जरूर बघावा. त्याच्या डोक्यावर ५०-५५ मीटर पाणी उभं असतं. वरच्या मजल्यावरच्याने त्या आकड्याला भुलून जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

तेव्हा खरेदीआधी बादली घ्या. त्याच नळाने आधी गार, मग गरम पाण्याने भरा आणि घड्याळ लावा. दोन्हीला सारखाच वेळ लागला तर गिझर निर्दोष आहे. दोष टाकीच्या उंचीचा, नाहीतर पाइपांचा. जुन्या इमारतींतले जीआयचे अर्ध्या इंचाचे पाइप आतून गंजून निम्मे बुजलेले असतात. गार पाणी धो धो आणि गरम मात्र रडत येत असेल, तर प्लंबरकडून गिझरचे दोन्ही कनेक्शन पाइप सोडवून घ्या आणि तोंडात डोकावून बघा. बोअर किंवा टँकरच्या पाण्यावरच्या सोसायट्यांत गरम बाजूला क्षाराची पांढरी खपली चढलेली दिसते; कधी आतला रबरी वॉशर फुगून भोकावर बसलेला असतो. अँगल कॉक अर्धवट उघडा राहिल्याचंही निघतं. असे दोष शे-दोनशे रुपयांच्या सामानात सुटतात आणि गिझर भिंतीवर तसाच राहतो.

उंचीच कमी असेल तर उपाय एकच, प्रेशर पंप. तो गच्चीवरच्या टाकीतून निघणाऱ्या लाइनवर बसवायचा. पालिकेच्या लाइनला थेट पंप जोडणं बेकायदा आहे, शिवाय शेजाऱ्याचं पाणी पळवणं आहे. इथे एक चूक सर्रास होते. पंप फक्त गार पाण्याच्या लाइनला लागतो आणि गिझरची लाइन तशीच राहते. मग मिक्सर उघडला की जोरातलं गार पाणी गरम पाण्याला मागे रेटतं आणि शॉवरखाली माणूस कुडकुडतो. पंपानंतरच गार आणि गरम असे फाटे फुटले पाहिजेत.

आता गिझर खरंच बदलायचा असेल तर आंघोळ बादलीने की शॉवरने, ते आधी ठरवा. १५ लिटर पाणी ६० अंशांवर तापलं आणि त्यात २० अंशांचं तेवढंच गार मिसळलं, तर ३० लिटर आंघोळीचं पाणी होतं. बादलीवाल्याला पुष्कळ झालं. शॉवरवाल्यांच्या घरात २५ लिटरचा बरा. ३ किलोवॉटचा इन्स्टंट गिझर स्वस्त आणि आटोपशीर. पण वाहत्या पाण्याचं तापमान २० अंशांनी वाढवायचं तर तो मिनिटाला दोन-सव्वादोन लिटरच देऊ शकतो. धार वाढवली की पाणी कोमट. त्याला स्वयंपाकघरातल्या सिंकवरच ठेवावं, असं माझं मत. गॅस गिझरची धार दणदणीत, मात्र पुरेसा दाब नसेल तर तो पेटतच नाही. आणि बंद न्हाणीघरात तो बसवूच नये. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि त्याने आंघोळीला गेलेली माणसं दगावलेली आहेत.

पाणी जड असेल तर काच-लेपाची टाकी घ्या आणि आतला मॅग्नेशियमचा रॉड दीड-दोन वर्षांनी तपासून घ्या. टाकीऐवजी तोच झिजतो. सर्व्हिसिंगला आलेला माणूस बहुधा त्याचं नावही काढत नाही, आपण विचारायचं.

शेवटची गोष्ट नव्या गिझरच्या तक्रारीची. बसवल्यावर दोन दिवसांत फोन जातो, “खालून पाणी टपकतंय.” १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेलं की पाव लिटरच्या आसपास फुगतं. सेफ्टी व्हॉल्व्ह ते मागे जाऊ देत नाही, म्हणून तापताना त्याच व्हॉल्व्हमधून थेंब पडतात. तिथे बूच मारून देणारे प्लंबर आहेत. त्यांना हात लावू देऊ नका. फुगलेल्या पाण्याचा सगळा ताण मग टाकीवर येतो. व्हॉल्व्हला बारीक नळी जोडून ती मोरीत सोडा.