कुत्र्यामांजरांच्या थाळीवरील गोगलगाय

मृगाचा पाऊस स्थिरावला की गोव्यातील घरांच्या मागील दारी एक नेहमीचा प्रकार सुरू होतो. रात्री कुत्र्यामांजरांसाठी ठेवलेला मासळीचा भात सकाळी पाहावा, तो त्यावर चकाकणारे चिकट माग उमटलेले असतात आणि थाळीच्या कडेला काळपट, बिनशंखाची एखादी गोगलगाय अंग आक्रसून बसलेली असते. गृहिणी किळसेने ती दूर फेकते आणि विषय तेथेच संपतो. वस्तुतः तो तेथे संपू नये.

गोगलगायीच्या उघड्या अंगातील ओलावा उन्हात झपाट्याने उडून जातो. म्हणून दिवसा ती कुंड्यांखाली, विटांच्या ढिगात किंवा कुजक्या पानांत दडते व अंधार पडल्यावर वासाच्या मागाने बाहेर पडते.

ती अन्न किती खाते, हा प्रश्न गौण आहे. खरा धोका तिच्या शरीरात असू शकणाऱ्या एका बारीक कृमीचा. उंदराच्या फुप्फुसातील रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या या कृमीचे वर्णन १९३५ साली चीनमधील कँटन येथील उंदरांवरून प्रथम झाले. उंदराच्या लेंड्यांतून त्याच्या अळ्या बाहेर पडतात, त्या लेंड्या गोगलगाय खाते आणि गोगलगायीला पुन्हा उंदीर खातो. रात्रभर उघडी राहिलेली थाळी या दोघांनाही आमंत्रण देते. कृमीचे चक्र फिरण्यास अंगणातच सोय होते. अशी गोगलगाय कुत्र्याच्या पिलाने गिळली, तर अळ्या मेंदूत व मज्जारज्जूत शिरतात. पाठ दुखू लागते, मागचे पाय लुळे पडू शकतात. माणसाच्या पोटात त्या गेल्यास मेंदूच्या आवरणास सूज येते. जमिनीवरचे काहीही तोंडात घालणारे रांगते मूल घरात असेल, तर ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी.

उपाय म्हणून प्रथम आठवते ते मीठ. परंतु पावसात ते वाहून जाते, आणि थाळीभोवतीचे मीठ जनावर चाटते. विषारी गोळ्यांचा प्रकार तर याहून वाईट. मेटाल्डिहाइडच्या या गोळ्या कुत्रे आवडीने खाते, आणि मग कंप, झटके व प्रसंगी मृत्यू. ब्रिटनमध्ये २०२२ पासून त्यांच्या उघड्यावरील वापरास बंदी आहे. कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याची जुनी युक्ती मुंग्यांना अडविते. ओलाव्यातच रमणाऱ्या या प्राण्याला मात्र ती तितकीशी अडवीत नाही. उंच पाटावर थाळी ठेवावी, तर गोगलगाय पाट चढते.

तेव्हा अडसर शोधण्यापेक्षा वेळ बदलणे सोपे. जनावरांना दिवस मावळण्यापूर्वी, एका बैठकीत संपेल एवढेच अन्न घालावे आणि थाळी लगेच उचलावी. पाण्याचे भांडेही रात्री घरात घ्यावे व सकाळी धुऊन भरावे. अंगणात उपद्रव फारच असेल, तर संध्याकाळी भिजलेले गोणपाट पसरून ठेवावे. पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी चिमट्याने उचलून मिठाच्या दाट पाण्यात टाकाव्यात. उघड्या हाताने त्यांना शिवू नये. हाताला चिकटा लागलाच, तर तो आधी कोरड्या फडक्याने पुसावा व मग साबणाने हात धुवावेत. आधी पाणी घातल्यास तो अधिकच फुगतो व बोटे सोडीत नाही.