खिशातील दप्तर

अंबाजोगाईच्या मोंढ्यावर सोयाबीन घालून परतणाऱ्या साधारण खातेदाराच्या मोबाईलात आज जी चार-दोन साधने हटकून सापडतात, म्हणजे सातबारा, ई-पीक पाहणीचे अ‍ॅप, देण्याघेण्याचे यूपीआय आणि हे सारे कागद सोयऱ्याधायऱ्यांकडे धाडणारे व्हॉट्सअ‍ॅप, ती एकत्र मांडली तर एका लहानशा कचेरीचा कारभार त्यात मावलेला दिसेल. सोय निःसंशय मोठी आहे. परंतु कचेरी खिशात आली तेव्हा तिची कारकुनीही आपल्याच शिरावर येऊन पडली, याची जाणीव अद्याप पुष्कळांना झालेली नाही.

कागदाचे महत्त्व या मुलखाला निराळे शिकवावे लागत नाही. 1948 पर्यंत हा तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, शहराला तेव्हा मोमिनाबाद म्हणत, सरकारी दप्तर उर्दूत चाले; आणि जुन्या हक्काचा वा वारसाचा तंटा उभा राहिला की आजही पक्षकाराला 1954 च्या खासरा पाहणी पत्रकापर्यंत मागे जावे लागते. तलाठ्याची गाठ पडावी, त्याला सवड असावी आणि दप्तर जागेवर असावे, असे तिन्ही योग जुळतील तेव्हा नक्कल हाती येई. 1 मे 2018 रोजी राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा अवतरला आणि पुढे तो 15 रुपये शुल्कात घरबसल्या मिळू लागला. संकेतस्थळावर फुकट दिसणारा उतारा मात्र केवळ माहितीपुरता असतो. कायदेशीर कामास तो चालत नाही.

ही स्वाक्षरी म्हणजे सहीचे नुसते चित्र नव्हे. संगणक दस्तातील अक्षर न् अक्षर एका गणिती क्रियेतून काढून त्याचा एक सारांशांक तयार करतो आणि तो अंक अधिकाऱ्याच्या गुप्त किल्लीने मुद्रांकित करतो; मागाहून कोणी क्षेत्रातला एक आकडा जरी फिरवला, तरी नवा अंक जुन्याशी जुळत नाही आणि लबाडी उघडी पडते. अर्थात मूळ नोंदच चुकीची असेल, तर ती चूकही तितक्याच इमानाने मुद्रांकित होते, हे विसरू नये.

याहून मोठा पालट 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर लागू झालेल्या ई-पीक पाहणीने घडवला. चावडीत बसून गावभरची पिके लिहिण्याची जी बदनाम रीत होती, तिच्या जागी खातेदाराने स्वतः आपल्या गटात उभे राहून पीक व क्षेत्र भरावे आणि उभ्या पिकाचे छायाचित्र घ्यावे, अशी व्यवस्था आली. छायाचित्रासोबत त्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात. ते सुमारे 20,000 किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या संकेतांवरून मोबाईल ताडतो, आणि त्यासाठी निदान चार उपग्रहांचे संकेत मिळावे लागतात. टॉवरशी या संकेतांचा संबंध नसल्यामुळे बालाघाटाच्या एखाद्या घळीत रेंज नसली तरी स्थान कळते, आणि नोंद साठवून रेंजमध्ये आल्यावर पाठवता येते. पीकविमा, अतिवृष्टीची भरपाई, हमीभावाची खरेदी या सर्वांत हीच नोंद विचारली जाते. ज्याचा मुलगा पुण्यात आणि ज्याच्या हाती साधा बटणांचा फोन, त्या वृद्धाने काय करावे? एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, म्हणून शेजारधर्म कामी येतो. पण शेजाऱ्याने कापसाऐवजी तूर भरली, तर भोगावे लागते खातेदारालाच.

दप्तर टिकवण्याचा प्रश्न आणखी बिकट आहे. याच शहरात दासोपंतांची (1551–1615) पासोडी आहे. कापडावर लिहिलेला तो ग्रंथ आज चार शतकांनंतरही मराठी जाणणाऱ्याला वाचता येतो. उलट पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावर टंकलेली पुष्कळशी मराठी पत्रे आज उघडली तर रोमन अक्षरांचा निरर्थक गिचमिडा दिसतो, कारण त्या काळचे फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी वळणे दाखवीत आणि फाँट गेला की अर्थही जाई. 1991 मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक दिला, म्हणूनच आपला निरोप कोणत्याही कंपनीच्या मोबाईलवर जसाच्या तसा उमटतो. मला विचाराल तर आपल्या रोजच्या साधनांतील सर्वांत उपकारक गोष्ट हीच, जिचे नावही वापरणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

यूपीआयबद्दल थोडक्यात इतकेच, की 2016 साली आलेल्या या पद्धतीत पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच घालावा लागत नाही; पैसे स्वीकारण्याच्या नावाखाली पिन मागितला गेला, की रक्कम आपल्या खात्यातून बाहेर चालली आहे असे खुशाल समजावे.

तेव्हा वाचकांना विनंती अशी, की वर्षातून निदान एकदा आपला सातबारा उघडून नाव, क्षेत्र आणि इतर हक्कांचा रकाना शब्दशः वाचावा, डिजिटल स्वाक्षरीची प्रत मोबाईलाखेरीज आणखी एका ठिकाणी जपून ठेवावी, आणि तफावत आढळल्यास विनाविलंब तलाठ्याकडे लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.