शेतकऱ्यांच्या कंपनीत परदेशी पैसा येतो, त्यात आपल्या पोरांना काम आहे का?

सप्टेंबर 2022 मध्ये दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीच्या 'सह्याद्री फार्म्स'मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांनी सुमारे 310 कोटी रुपये घातले. पण शेतकऱ्यांनी उभ्या केलेल्या कंपनीत बेल्जियम, नेदरलँड्स, फ्रान्सच्या संस्थांनी पैसा का टाकावा?

याला इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग म्हणतात. ही देणगी नाही. पैसा परत हवा, त्यावर परतावाही हवा. पण सोबत शेतकऱ्याला भाव किती वाढून मिळाला, पाणी किती वाचलं, हेही मोजून दाखवावं लागतं. हे नाव 2007 मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या इटलीतल्या बैठकीतून पुढं आलं. आपल्याकडे काम त्याआधीच सुरू होतं. 'आविष्कार' ही मुंबईची संस्था 2001 पासून ग्रामीण उद्योगांत भांडवल घालते. सेबीने 2012 मध्ये सामाजिक फंडांसाठी वेगळा प्रकार केला आणि 2022 मध्ये सोशल स्टॉक एक्स्चेंजचे नियम आणले.

कामं कोणती?

पहिलं काम तपासणीचं. कंपनीचे हिशेब, सभासद, माल, बाजार, सगळं बघून पैसा घालायचा की नाही ते ठरवायचं. दुसरं काम परिणाम मोजण्याचं, म्हणजे गावात जाऊन माहिती गोळा करायची आणि ती खरी आहे का ते पडताळायचं. यासाठी सोशल इम्पॅक्ट असेसरची परीक्षा एनआयएसएम घेते. तिसरं काम पैसा घेणाऱ्याच्या बाजूचं: शेतकरी उत्पादक कंपनीचा सीईओ, हिशेबनीस, कर्जाचा प्रस्ताव तयार करणारा माणूस.

खरं सांगायचं तर फंडातल्या नोकऱ्या मोजक्याच आहेत. त्या बहुतेक मुंबई, बंगळुरूत असतात आणि तिथं सीए, एमबीएला आधी विचारतात. म्हणून आपल्या मुलांनी तिसऱ्या दारातून शिरणं सोपं. दोन-तीन वर्षं शेतकरी कंपनीत, मायक्रोफायनान्समध्ये किंवा बँकेच्या शेती कर्ज विभागात काढली, की जो अनुभव शहरातल्या मुलाकडं नसतो तो तुमच्याकडं असतो. खळ्यावर माल किती ओला येतो, हप्ता कोणत्या महिन्यात थकतो, हे पुस्तकात सापडत नाही.

शिकायचं कुठं?

पुण्यात वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था आहे. धाराशिव जिल्ह्यात तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचं केंद्र आहे. गुजरातेत आणंदची 'इर्मा' 1979 पासून ग्रामीण व्यवस्थापन शिकवते. प्रवेश परीक्षा आणि शुल्क दरवर्षी बदलू शकतं, त्यामुळं अर्ज करण्याआधी संस्थेकडूनच खात्री करून घ्या. एक्सेल, ताळेबंद वाचणं आणि कामापुरतं इंग्रजी, या तीन गोष्टी मात्र कुठंही लागतातच.

एक धोका लक्षात ठेवा

'गरिबांचं भलं' असं नाव असलं म्हणून भलं होतंच असं नाही. 2010 मध्ये आंध्र प्रदेशात मायक्रोफायनान्सची कर्जं एकावर एक दिली गेली. वसुलीच्या जाचाच्या आणि आत्महत्यांच्या बातम्या आल्यावर सरकारला अध्यादेश काढावा लागला. त्या कंपन्यांत सामाजिक हेतूचा पैसाही होता. म्हणूनच या क्षेत्रात गावाकडचा माणूस हवा. कर्जदार बाई एका हप्त्यासाठी दुसरं कर्ज काढतेय, हे त्याला अहवाल येण्याआधी कळतं, आणि ते वरच्यांना सांगायची हिंमत त्याच्यात असायला हवी.

सुरुवात आजपासून करता येते. तुमच्या तालुक्यातल्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीचा ताळेबंद मागा. वडील सभासद असतील तर त्यांचा तो हक्कच आहे. नसतील तर कंपनी निबंधकाकडं दाखल झालेली कागदपत्रं शुल्क भरून कुणालाही पाहता येतात. भागभांडवल किती, कर्ज किती, नफा कशातून आला, एवढं समजून घ्या. मग त्या कंपनीत जाऊन विचारा, "सुट्टीत हिशेबाला हाताखाली माणूस लागतो का?" बऱ्याच ठिकाणी लागतो.