सिंचनावरील सार्वजनिक खर्च

सिंचनावरील सार्वजनिक खर्च : धरणे, कालवे, वितरिका व शेतचाऱ्या यांची उभारणी, देखभाल व दुरुस्ती यांसाठी शासनाने केलेला खर्च. पाटबंधाऱ्यांस भांडवल मोठे लागते, परतावा मंद असतो. म्हणून खाजगी भांडवल या क्षेत्रात सहसा उतरत नाही व हा भार मुख्यत्वे शासनावर पडतो.

तथापि खर्च वाढला की सिंचन त्याच प्रमाणात वाढते, असे नाही. भारतात अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या अखेरीस (२०१२) निर्मित सिंचनक्षमता सु. ११.३५ कोटी हेक्टर होती; वापर मात्र सु. ९ कोटी हेक्टरांचाच होता. अपूर्ण वितरिका, कालव्यांतील गळती आणि मुखाकडील शेतकऱ्यांकडून होणारा पाण्याचा जादा उपसा ही या तफावतीची प्रमुख कारणे होत. ती कमी करण्यासाठी केंद्र शासनाने १९७४-७५ मध्ये लाभक्षेत्र विकास कार्यक्रम सुरू केला. पाणीपट्टीतून निदान देखभाल-दुरुस्तीचा खर्च पूर्णपणे निघावा, अशी शिफारस वैद्यनाथन समितीने (१९९२) केली. नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पावर १९९० नंतरच्या दशकात कालव्याच्या शेवटच्या टोकावरील शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था स्थापून पाण्याचे वाटप स्वतःकडे घेतले. त्यामुळे नवे धरण न बांधताही वंचित शेतांना पाणी मिळू लागले.

यावरून, जेथे पाणी उपलब्ध असूनही साठवणीची सोय नाही, तेथे नवा खर्च समर्थनीय ठरतो. अन्यत्र अपूर्ण कामांची पूर्तता व नियमित देखभाल यांस अग्रक्रम देणे इष्ट होय.