पुढच्या टायरकडे कोण बघणार?

दुचाकीची निगा : लेखांक 9

मे महिना संपत आला की टायरच्या दुकानांसमोर दुचाकींची रांग लागते. बहुतेकांची मागणी एकच असते : मागचा टायर गोटा झालाय, बदलून द्या. दुकानदार मागचं चाक खोलतो, नवा टायर चढवतो, हवा भरतो आणि गाडी मार्गी लागते. पुढच्या चाकाकडे ना मालक बघतो, ना दुकानदार. मागच्या लेखात आपण ब्रेकची माहिती घेतली. ब्रेक चाक थांबवतो, पण गाडी थांबते ती टायरची रस्त्यावर पकड असेल तरच. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना निदान सीबीएस (दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, ही चांगलीच गोष्ट. पण एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. झिजलेल्या रबराला पकड ते कुठून आणून देणार?

मागचा टायर आधी झिजतो, कारण इंजिनाची ओढ त्याच्यावर असते आणि बसणाऱ्यांच्या वजनाचा मोठा वाटाही त्याच्यावरच पडतो. डोळ्यांना दिसतो तोही तोच. पण जोरात ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं, मागचं चाक हलकं होतं आणि थांबवण्याचं बहुतेक काम पुढच्या चाकाकडे जातं. मागचं चाक घसरलं तर गाडी शेपूट हलवते, सावरायला क्षणभर तरी वेळ मिळतो. पुढचं घसरलं तर हँडल वळतं आणि काय झालं हे कळायच्या आत माणूस रस्त्यावर असतो.

जुना टायर पुढे ढकलण्याची सवय आपल्याकडे स्कूटरच्या जमान्यात रुजली. आकुर्डीत तयार होणाऱ्या बजाज चेतकला पुढे-मागे एकाच मापाचे, 3.50-10 चे टायर असत आणि तिसरा स्टेपनीवर. नवा टायर मागे, मागचा अर्धा झिजलेला पुढे, पुढचा स्टेपनीला, असा फेरा अनेक घरांत वर्षानुवर्षं चालला. तेव्हाच्या वेगाला आणि तेव्हाच्या रहदारीला ते निभावून गेलं. आज दोन्ही चाकांना एकच माप असलेल्या गाडीवर कुणी ‘मागचा काढून पुढे टाकू का?’ असं विचारलं तर सरळ नाही म्हणा. मधोमध चपटा झालेला मागचा टायर पुढे बसवला तर गाडी वळणात नीट झुकत नाही, एकदम कलते. शिवाय मोटारसायकलच्या पुढच्या टायरची नक्षी बरेचदा वेगळी असते : दिशा धरून ठेवायला लांब, सलग खाचा. मागच्याला ओढ पेलायला ठोकळे.

आता टायर संपला हे ओळखायचं कसं? टायरच्या कडेला, नक्षी जिथे संपते तिथे, ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. तिथून सरळ वर नक्षीकडे बोट न्या. खाचेच्या तळाशी रबराचा एक बारीक उंचवटा लागेल. आजूबाजूची नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की टायर संपला. मोटार वाहन नियमांत दुचाकीसाठी खाचेच्या खोलीची किमान मर्यादा 0.8 मिलिमीटर आहे; चारचाकीसाठी ती 1.6 आहे. पण 0.8 ही कायद्याची शेवटची रेघ. खाचेचं खरं काम टायरखालचं पाणी बाहेर काढणं, आणि 0.8 मिलिमीटरच्या खाचेत पाणी मावणार किती? कोकणात, घाटात किंवा मुंबईच्या पावसात रोज गाडी चालवणाऱ्याने जूनच्या तोंडावर खाच दोन मिलिमीटरच्या आसपास आलेली दिसली, तर टायर तेव्हाच बदलावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल आणि धूळ एकत्र होऊन जो चिकट थर तयार होतो, त्यावर तर चांगला टायरही परीक्षा देत असतो.

झीज कुठे झाली आहे हेही बघा. फक्त मधला पट्टा गेला असेल तर हवा जास्त ठेवली जात असावी किंवा गाडी हायवेवर सरळ खूप पळत असावी. दोन्ही कडा गेल्या असतील तर हवा कमी. एकच बाजू खाल्ली असेल तर चाकाची रेषा चुकली आहे. पुढच्या टायरवर हाताला खळगे लागत असतील तर शॉकअब्सॉर्बर, बेअरिंग किंवा बॅलन्सिंग तपासून घ्या. ही दुरुस्ती न करता नवा टायर घातलात तर तोही तसाच खाल्ला जाईल.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. झीज म्हणजे फक्त नक्षी जाणं नव्हे. घरात एक स्कूटर असते, आठवड्यातून दोनदा मंडईपर्यंत जाते. सहा-सात वर्षं झाली तरी नक्षी शाबूत. मालक खूश असतो, ‘टायर अजून नवाकोरा आहे.’ तो नवाकोरा नसतो. हवेतला ओझोन ताणलेल्या रबराच्या साखळ्या तोडतो, प्राणवायूने आणि उन्हाने रबर कडक होत जातं. याला अडवण्यासाठी कारखान्यातच रबरात मेण आणि संरक्षक रसायनं मिसळलेली असतात. गाडी चालते तेव्हा टायर सतत दबतो-फुगतो आणि हे मेण आतून पृष्ठभागावर येत राहतं. गाडी उभी राहिली की ते येणं मंदावतं. म्हणून कमी चालणाऱ्या गाडीचा टायर उभ्या उभ्या म्हातारा होतो. तपासायचं असेल तर टायरची बाजू अंगठ्यांनी दाबून वाकवा आणि उजेडात बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसल्या, किंवा नख दाबलं तरी रबर दगडासारखं लागलं, तर नक्षी कितीही असो, टायर बाद. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी. दहा वर्षांपुढे टायर वापरू नये, असं अनेक कंपन्या सांगतात. आपल्या उन्हात तिथपर्यंत वाट बघू नये, असं मी सांगेन.

टायरचं वय टायरवरच छापलेलं असतं. बाजूला एका चौकटीत किंवा लंबगोलात चार आकडे शोधा. 2624 म्हणजे 2024 सालचा 26वा आठवडा, म्हणजे जूनअखेर. नवा टायर घेताना पैसे देण्याआधी हे चार आकडे स्वतः वाचा. दुकानाबाहेर उन्हात टांगलेला, दोन-तीन वर्षांपूर्वीचा टायर नव्याच्या भावात घ्यायचं काही कारण नाही.

बाजूवरचे बाकीचे आकडेही वाचता यायला हवेत. बऱ्याच स्कूटरवर दिसणारं 90/100-10 53जे घ्या. टायरची रुंदी 90 मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या 100 टक्के, म्हणजे तीही 90, आणि रिम 10 इंची. 53 हा वजनाचा संकेत : योग्य हवा असताना 206 किलो. ‘जे’ हा वेगाचा : ताशी 100 किलोमीटर. ‘एल’ला 120, ‘पी’ला 150, ‘एस’ला 180. नव्या टायरचे हे दोन संकेत कंपनीने दिलेल्यापेक्षा खाली जाता कामा नयेत. आयएसआय चिन्हही बघाच.

जाड टायरची हौस तरुणांमध्ये फार. 90/90-17 च्या जागी 100/90-17 टाकला तर टायरची उंची 594 मिलिमीटरवरून 612 वर जाते. स्पीडोमीटर खरा वेग कमी दाखवू लागतो, ॲव्हरेज घटतं, आणि रिम अरुंद असेल तर टायर चिमटला जाऊन त्याचा गोलवा बदलतो. कधी तो चेनकव्हरला घासतो. माझा सल्ला, कंपनीच्या मापातच राहा. रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवा पट्टा चढवलेला, टायर दुचाकीला स्वस्तातही घेऊ नका. त्याचा वरचा पट्टा सुटला तर दुचाकीला तोल सांभाळायला दुसरं चाक नसतं.

ट्यूबलेसबद्दल थोडंसं. मॅगव्हीलला किंवा ट्यूबलेससाठीच बनवलेल्या पत्र्याच्या रिमला ट्यूबलेस उत्तम, कारण खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते. नेहमीच्या तारेच्या चाकात स्पोकच्या भोकांतून हवा जाते, तिथे ट्यूब हवीच. टायर नवा तर ट्यूबही नवीच घाला. ताणलेली जुनी ट्यूब नव्या टायरात घडी पडून फाटते. ट्यूबलेसचा रबरी व्हॉल्वही त्याच वेळी बदला. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही, साध्या हवेत तो 78 टक्के असतोच.

टायर चढवताना तिथेच उभे राहा. बाजूवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला आहे ना, ते बघा. रंगाचा पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्वपाशी यावा. टायरची ती सर्वांत हलकी जागा असते. कडांना साबणाचं पाणी लावून हवा भरली की ‘फट्’ असा आवाज येतो, कडा रिमवर बसल्याची ती खूण. मग चाक हाताने फिरवा. रिमलगत टायरवर एक बारीक रेघ गोल गेलेली असते, तिचं रिमपासूनचं अंतर सगळीकडे सारखं हवं. कुठे ती रिमच्या आत बुडाली असेल तर हवा सोडून पुन्हा बसवायला लावा. मोटारसायकलचं मागचं चाक खोललं असेल तर चेनचा ताण आणि स्विंगआर्मच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत का, हेही तपासा.

नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. पहिले 100-150 किलोमीटर जपून चालवा, वळणात फार झुकू नका, ओल्या रस्त्यावर तर नाहीच. आणि हवा महिन्यातून दोनदा तरी, टायर थंड असताना तपासा. बऱ्याच 110 सीसी स्कूटरना पुढे 22, मागे 29 आणि डबलसीट असताना मागे 36 पीएसआय लागते. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत किंवा गाडीवरच्या स्टिकरवर असेल. ‘दोन्हीकडे 35 मार’ हे सगळ्या गाड्यांना लागू होत नाही.

हा लेख वाचून झाला की खाली पार्किंगमध्ये जा आणि पुढच्या टायरवरचे चार आकडे वाचा. टायर पाच वर्षांपेक्षा जुना निघाला, तर पावसाआधी तो जाणकाराला दाखवून घ्या.

पुढच्या आठवड्यात : चेन आणि स्प्रॉकेट.